नव्या चाकूला कानस लावण्याआधी

दिवाळी झाली आणि मी एक न मिटणारा चाकू घेतला. बाजारात याला फिक्स्ड ब्लेड म्हणतात. पाते 10 सेंटिमीटर लांब आणि पाठीकडे 3 मिलिमीटर जाड. पोलाद कार्बनचे, म्हणजे गंज धरणारे. मूठ बीचच्या लाकडाची, दोन फळ्या तीन पितळी रिव्हेटांनी बसवलेल्या, आणि पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत आरपार गेलेले. सोबत चामड्याचे म्यान. हे सगळे इथे सांगितले, कारण पुढे जे सांगणार आहे ते अशाच चाकूबद्दल आहे. तुमचा स्टेनलेसचा असेल, मूठ प्लॅस्टिकची असेल, तर निम्म्या गोष्टी तुम्हाला लागणारच नाहीत.

चाकू हातात आला त्या संध्याकाळी मी कानस आणि पॉलिश पेपर काढून बसलो होतो. इतरांनी आपापल्या चाकूंवर केलेले बदल पाहून डोक्यात यादी तयार होती. गावातले लोहारआबा ओट्यावर आले होते. त्यांनी चाकू हातात घेतला, पाठीवरून अंगठा फिरवला आणि परत देताना म्हणाले, "पहिले वापरी देख भाऊ, मंग घस." मी तीन आठवडे कानसीला हात लावला नाही. यादीतले निम्मे बदल त्या तीन आठवड्यांत गळून पडले आणि यादीत नसलेले दोन पुढे आले. म्हणून या लेखाचा क्रमही तोच ठेवतो: आधी कायदा, मग तपासणी, मग वापर, आणि सगळ्यात शेवटी बदल.

खिशात घालण्याआधी

शस्त्र नियमांमध्ये 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंचा उल्लेख आहे. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. आपला 4 इंची चाकू त्या मापात येत नाही. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली सणासुदीला, निवडणुकीला किंवा तणावाच्या काळात जिल्ह्यात मनाई आदेश निघतात आणि तेव्हा हत्यार घेऊन फिरण्यावर बंदी असते. यात्रेत, बाजारात, मिरवणुकीत चाकू कमरेला लावून जाऊ नका, आदेश असो वा नसो. शेतात कमरेला शोभतो, एसटीत तो पिशवीच्या तळाशी गुंडाळलेला असावा.

दुसरी गोष्ट खानदेशात फार महत्त्वाची आहे, कारण आपली भटकायची ठिकाणे बहुतेक अभयारण्यांत किंवा त्यांच्या कडेला आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये हत्याराची जी व्याख्या आहे तिच्यात चाकू स्पष्ट लिहिलेला आहे आणि लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही. म्हणजे यावल अभयारण्य, शिरपूरकडचे अनेर, चाळीसगावजवळची पाटणादेवी जिच्यात येते ते गौताळा औट्रमघाट, इथे चाकू घरीच राहू द्या. राखीव जंगलात आग पेटवायलाही बंदी आहे आणि सातपुड्यात माघ-फाल्गुनापासून पाचोळा इतका कोरडा असतो की एक ठिणगी पुरते. सरावाला आपला बांध, आपले खळे, मित्राची केळीची बाग आहे की. मी जे काही शिकलो ते सगळे शेतातच शिकलो.

पहिली पाहणी

खोका उघडल्यावर दिव्याखाली बसा. घाई नको, दहा मिनिटे लागतात.

चाकू डोळ्यासमोर धरून मुठीकडून टोकाकडे पाठीवरून नजर टाका, जसे सुतार फळी बघतो. पाते सरळ असायला हवे. मग उलटा धरून धारेवरून तशीच नजर टाका. धार एका बाजूला झुकलेली दिसली तर चाकू परत करा, हा दोष घरी दुरुस्त होत नाही.

आता धार ट्यूबलाइटखाली थोडी थोडी फिरवा. चांगली धार प्रकाश परत फेकत नाही, ती दिसतच नाही. जिथे पांढरी रेघ किंवा ठिपका चमकतो तिथे धार बोथट आहे किंवा दुमडली आहे. माझ्या चाकूला टोकाजवळ दोन मिलिमीटरची एक चमक होती. त्याचे वाईट वाटून घेऊ नका. कारखान्यातली धार पट्ट्यावर वेगाने काढलेली असते आणि अगदी कडेचे पोलाद तिथे कधी कधी तापून नरम पडते. दोन-तीनदा दगडावर घासल्यावर खालचे चांगले पोलाद वर येते आणि चाकू खरा तेव्हा समजतो. पहिल्या धारेवरून त्याची पारख करू नका.

मुठीच्या फळ्या आणि पोलाद यांच्या सांध्यावरून नख फिरवा. नख अडकले तर फट आहे. फटीत पाणी जाते आणि आतल्या आत गंज चढतो. रिव्हेटही बोटाला टोचता कामा नयेत.

म्यानात चाकू घालून गोधडीवर उलटा धरा आणि झटका द्या. पडला तर म्यान सैल आहे. मग म्यानाच्या शिवणीत डोकावून बघा. चामड्याच्या दोन थरांच्या मध्ये, धारेच्या बाजूला, चामड्याचीच आणखी एक पट्टी असायला हवी. ती नसली तर धार रोज टाक्यांवर घासते आणि एक दिवस म्यान फोडून बाहेर येते. माझ्या म्यानात ती पट्टी नव्हती. पहिल्या पाहणीत सापडलेला सगळ्यात गंभीर दोष हाच, आणि कानस घेऊन बसलेलो असताना तो माझ्या यादीत नव्हता.

चाकूची पाठ माझ्या हाताला गुळगुळीत, गोलसर लागली. बहुतेकांना पहिल्या दिवशी खटकते ती हीच गोष्ट, कारण गोल पाठीने फेरो रॉडवर, म्हणजे आग पेटवायच्या कांडीवर, ठिणगी पडत नाही. त्याबद्दल पुढे.

तीन आठवडे नुसता वापर

वापर म्हणजे अंगणात काठी छाटत बसणे नव्हे. रोजची कामे या चाकूने करा आणि कुठे अडते ते वहीत लिहा. माझ्या वहीतले काही सांगतो.

ठिबकची 16 मिलिमीटरची नळी: उत्तम. फळीवर ठेवून पाते दाबत फिरवले की कट सरळ येतो आणि जोडणी गळत नाही. सुतळी, गोणपाट, खताच्या पिशव्या: उत्तम.

भरीत: इथे चाकू उघडा पडला. पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याची साल काढायला, देठ उडवायला छान. पण कांद्याची पात बारीक चिरायला घेतली तर पाते जड वाटते, आणि गाजर कापताना ते कापले जात नाही, तडकते. कारण साधे आहे. स्वयंपाकघरातली सुरी दीड-दोन मिलिमीटर जाड असते आणि पाठीपासून धारेपर्यंत निमुळती होत जाते. या चाकूची जाडी अर्ध्याहून अधिक रुंदीपर्यंत तशीच राहते आणि मग एकाच सपाट उतारावर धार निघते. या घडणीला स्कँडी म्हणतात. स्वीडनच्या दालार्ना प्रांतात मोरा नावाचे गाव आहे, तिथे 1891 साली सुरू झालेल्या उद्योगाने ही घडण जगभर पोहोचवली. ती मुळात लाकडासाठी आहे. तो रुंद उतार लाकडावर टेकतो आणि रंध्याच्या पात्यासारखा हाताला वाट दाखवतो. म्हणून भरिताच्या पार्टीला घरची सुरी वेगळी न्या. चाकू घासून पातळ करायच्या मागे लागू नका, त्याने दोन्ही कामे बिघडतात.

तुरीच्या वाळक्या काडीचे पापुद्रे काढणे, म्हणजे चुलीला लागणारे फुलोरे: सुरेख. आठ-दहा पापुद्रे एकाच काडीवर कुरळे होऊन राहिले.

बाभूळ: धार दुमडली. सुकलेल्या बाभळीच्या फांदीची मेख करत होतो. दिव्याखाली पाहिले तर मधोमध चमकती रेघ. आपल्याकडचे लाकूड म्हणजे बाभूळ, धावडा आणि सगळ्यांत कठीण अंजन. स्कँडीची शून्यावर आणलेली, म्हणजे उतार थेट कडेला संपतो अशी धार उत्तरेकडच्या मऊ लाकडात टिकते, अंजनात टिकत नाही. ही नोंद पुढे सगळ्यांत उपयोगी पडली.

आणि एक तासभर सलग काम केल्यावर तर्जनीच्या मुळाशी फोड आला.

त्या तीन आठवड्यांत एक सवयही लावून घ्या. काम सुरू करण्याआधी चाकूचा हात ताठ करून भोवती फिरवा, त्या वर्तुळात कोणी नको, लेकरू तर नकोच. बसून काम करताना मांडीवर किंवा दोन पायांच्या मध्ये काही कापू नका. मांडीच्या आतल्या बाजूने मोठी रक्तवाहिनी जाते आणि तिथली जखम काही मिनिटांत जिवावर बेतते. कोपर गुडघ्यावर टेकून हात पायांच्या पुढे काढा. बोट कापलेच तर स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे घट्ट दाबून धरा, मध्ये उघडून बघू नका.

पहिला बदल: म्यान

म्यानातला दोष माझ्या आणि माझ्या मांडीच्या जिवाशी होता, म्हणून सुरुवात तिथून. बाजारात चामड्याचे जोडे शिवणाऱ्या दादांकडे म्यान नेले. त्यांनी धारेच्या बाजूची शिवण उसवली, चार मिलिमीटर जाडीच्या चामड्याची पट्टी आत घातली, मेण लावलेल्या दोऱ्याने दुहेरी टाका मारला. टाके आता पट्टीच्या पलीकडे आहेत आणि धार पट्टीला लागते. तासाभराचे काम. हे घरी करायचे असेल तर आर आणि दोन सुया लागतील, पण पहिल्यांदा त्यांच्याकडूनच करून घ्या आणि शेजारी बसून पाहा.

त्याच वेळी मी कमरपट्ट्याचा पट्टा बदलून घेतला. मूळ पट्टा ताठ होता, मोटारसायकलवर बसले की मूठ बरगडीला लागायची आणि मांडी घालून बसले की म्यानाचे टोक जमिनीला. आता म्यान एका कडीत लोंबते आणि मागे-पुढे होते.

मेण आणि खोबरेल तेल कोमट करून, बोटाने, फक्त बाहेरून लावा. आतून तेल ओतू नका, चामडे मऊ पडले की म्यान पकड सोडते.

दुसरा बदल: मूठ

फोड आला म्हणून लगेच अख्खी मूठ घासायला घेऊ नका. नेमकी कुठे टोचते ते आधी शोधा. मी असे केले: चुलीतला कोळसा कुटून तळहाताला चोळला, चाकू काम करताना धरतो तसा घट्ट धरला, दोन-चार काड्या छाटल्या आणि मूठ पाहिली. जिथे दाब जास्त तिथे काळा ठसा गडद. माझ्या मुठीवर असा ठसा एकाच जागी होता, पात्याला लागून असलेल्या कोपऱ्यावर, जिथे फळीची कड जवळजवळ काटकोनात कापलेली होती. बाकी मुठीला काही करायची गरजच नव्हती.

काम असे करा. पात्याला वर्तमानपत्राचे चार थर गुंडाळा आणि वरून टेप लावा, घासताना हात घसरतो तो नेमका धारेवर. मग 120 नंबरचा पॉलिश पेपर बोटभर रुंद पट्टीत फाडून त्या कोपऱ्यावर बूट पुसतात तसा पुढे-मागे ओढा. पाच-सहा ओढी झाल्या की थांबा, पुसा, धरून बघा. लाकूड काढता येते, परत लावता येत नाही. हाताला बरे वाटले की 220 आणि मग 400 नंबर, रेषांच्या दिशेने. आता मूठ ओल्या फडक्याने पुसून वाळू द्या. लाकडाचे तंतू उभे राहतील, ते 400 ने पुन्हा हलके घासा. नाहीतर पहिल्याच पावसात मूठ खरखरीत होते. धूळ नाकात जाऊ नये म्हणून तोंडाला रुमाल बांधा.

त्यावर अळशीचे तेल. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड मिळते, ते लवकर वाळते. अगदी पातळ हात द्या, वीस मिनिटांनी उरलेले कोरड्या कापडाने पुसून काढा, एक दिवस वाळू द्या. असे तीन-चार हात. शेंगदाण्याचे किंवा सोयाबीनचे तेल वापरू नका, ते नीट सुकत नाही, चिकट होते आणि पुढे वास मारते.

इथे एक धोका आहे आणि तो कळकळीने सांगतो. अळशीच्या तेलात भिजलेले फडके बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेते आणि उष्णता सोडते. बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि फडके आपोआप पेट घेऊ शकते. आपल्याकडच्या वैशाखातल्या पत्र्याच्या खोलीत तर फारच सांभाळा. फडके उघडे पसरून बाहेर वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

मुठीच्या शेवटी दोरीसाठी भोक असते. दोरी लावा किंवा लावू नका. पण लाकूड छाटताना ती मनगटात अडकवू नका, हातून सुटलेला चाकू दूर पडायला हवा, मनगटाभोवती झोके घ्यायला नको.

तिसरा बदल: पाठ

आता पाठीकडे येऊ. फेरो रॉड म्हणजे सिरियमसारख्या धातूंच्या मिश्रणाची कांडी. तिच्यावरून काटकोनी कड ओढली की कांडीचाच कीस निघतो आणि हवेत पेट घेतो. इथे चाकूचे पोलाद जळत नाही, ते फक्त खरवडते. जुन्या चकमकीत उलटे असते: गारगोटीने पोलादाचा कण सुटतो आणि तो कण जळतो. आपली जमीन काळ्या खडकाची आहे, बांधावर गारगोट्या सापडतात, आणि चाकू कार्बन पोलादाचा असेल तर त्याच्या पाठीवरही ठिणगी पडते. मी पाडून पाहिली. तिला जळक्या सुती चिंधीचा कोळसा लागतो. फेरो रॉडच्या ठिणगीला मात्र सरकी काढून पिंजलेला आपला कापूस पुरतो, भुरकन पेटतो.

यासाठी पाठीची कड तीक्ष्ण हवी. पण सगळी पाठ काटकोनी करू नका. छाटताना अंगठा मुठीलगतच्या पाठीवर टेकतो, तिथे कड काढली की पंधरा मिनिटांत अंगठा सोलतो. मी मुठीपासून दोन सेंटिमीटर जागा गोल ठेवली, त्यापुढे चार सेंटिमीटर कड काढली, आणि टोकाकडची पाठ तशीच सोडली.

मी आधी कानस लावून पाहिली. ती सरकली, चावली नाही. याचा आनंद माना. लोहारही असेच पाहतात: पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून एकदम थंड करून कठीण केलेल्या पोलादावर कानस सरकली तर पाणी नीट बसले. अशा पाठीसाठी मग सपाट काच किंवा गुळगुळीत फरशी घ्या. तिच्यावर 180 नंबरचा वॉटर पेपर ओला करून चिकटवा. धारेला जाड कागद आणि टेप गुंडाळा. काटकोनात कापलेल्या लाकडी ठोकळ्याला पाते टेकवून पाठ पेपरवर उभी धरा आणि ठोकळ्यासकट मागे-पुढे करा. माझा अर्धा तास आणि तीन पेपर गेले. कडूनिंबाच्या काडीवर ती कड ओढून पाहा. साल नुसती दबली तर काम बाकी आहे, बारीक कीस निघाला तर झाले.

ग्राइंडरवर हे दोन मिनिटांत होते आणि दोन मिनिटांतच चाकू वायाही जातो. पोलाद तापले की पृष्ठभागावर रंग चढतो, सव्वादोनशे अंशांच्या आसपास गवताळ पिवळा, तीनशेच्या आसपास निळा. निळा रंग धारेपर्यंत पोचला तर तिथले पाणी उतरले, ते घासून परत येत नाही. सायकलवर धार लावत फिरणाऱ्यांकडे विळे, कात्र्या खुशाल द्या. हा चाकू नको.

धार, आणि तिच्यातला एक बारीक बदल

हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा कार्बोरंडम दगड मिळतो, एक बाजू जाड, एक बारीक. सुरुवातीला तेवढा पुरतो. पुढे 1000 नंबरचा पाण्याचा दगड घेतलात तर फरक जाणवेल.

स्कँडीची सोय अशी की कोन मनाने धरावा लागत नाही. त्या रुंद उतारावर मार्कर पेनने रंग द्या, उतार दगडावर सपाट टेकवा, दोन बोटांनी हलके दाबा आणि दगडाचा पापुद्रा काढायचा आहे असे समजून पुढे ढकला. रंग सगळीकडून सारखा गेला तर हात बरोबर आहे. फक्त वरून गेला तर धार अजून दगडाला लागलेली नाही. फक्त कडेने गेला तर पाठ उचलली जाते आहे. टोकाकडच्या वळणावर मूठ किंचित वर घ्या.

एका बाजूने घासत राहा, जोवर दुसऱ्या बाजूला धारेच्या आतून बाहेर अंगठा ओढल्यावर तारेसारखी खरखर लागत नाही. खरखर टोकापासून मुठीपर्यंत लागली की बाजू बदला. नवखे इथेच कंटाळतात. खरखर येण्याआधी बाजू बदलली तर तासभर घासूनही धार येत नाही, आणि माणूस दगडाला दोष देतो. दोन्ही बाजू झाल्या की बारीक दगडावर एक ओढ इकडे, एक तिकडे, दाब कमी करत. शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर वीसेक ओढी, पाठ पुढे आणि धार मागे.

आता बाभळीचा इलाज. धार पूर्ण झाल्यावर पाठ दगडापासून केसभर, एखाद-दोन मिलिमीटर, वर उचला आणि बारीक दगडावर प्रत्येक बाजूला फक्त पाच हलक्या ओढी द्या. दिव्याखाली पाहिलेत तर धारेच्या अगदी कडेला केसासारखी बारीक दुसरी पायरी दिसेल. धारेचा कोन कडेला थोडा वाढला, म्हणून ती कठीण लाकडात दुमडत नाही. तुरीच्या काडीचे पापुद्रे पूर्वीइतके पातळ निघत नाहीत, हे खरे. मी ते मान्य केले, कारण माझ्या शेताच्या बांधावर बाभूळ आहे. या चाकूवर केलेल्या बदलांत मला सगळ्यात मोलाचा हाच वाटतो. दहा ओढींचे काम, आणि नको वाटला तर पुढच्या धारेला उतार सपाट टेकवून घासला की गेला.

रंग

कार्बन पोलाद नवे असताना आरशासारखे असते. लिंबू कापून तासभर विसरलात तर डाग पडतो, रात्रभर ओले राहिले तर तांबडा गंज. तांबडा गंज पोलाद खातो. करडा-काळा थर मात्र पात्याला चिकटून बसतो आणि गंजाला काही प्रमाणात अडवतो. म्हणून लोक मुद्दाम व्हिनेगर लावून पाते काळे करतात.

मी व्हिनेगर आणून ठेवले होते, वापरले नाही. पुसामाघाच्या दिवसांत मित्राच्या बागेत वाळकी पाने आणि पिल्ले काढायचे काम चालू होते, तिथे आठवडाभर हा चाकू नेला. केळीचा चीक शर्टाला लागला की डाग जात नाही, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. त्या चिकात तुरट द्रव्ये असतात, तीच लोखंडाशी मिळून काळा रंग धरतात. हिरडा आणि हिराकसाची काळी शाई याच गुणाने व्हायची. पहिल्या दिवशी पाते पिवळसर झाले, तिसऱ्या दिवशी निळसर, आठवड्याने पावसाळी ढगासारखे करडे. रोज संध्याकाळी साबणाने धुवून, कोरडे करून, खोबरेलाचा एक थेंब फिरवायचो. एकाही ठिकाणी तांबडे आले नाही.

तुमच्याकडे केळी नसेल तर पाते साबणाने धुवून तेलकटपणा घालवा, फडके व्हिनेगरमध्ये भिजवून पात्याला वीस मिनिटे गुंडाळा, धुवा, पुसा, आणि दोन-तीनदा करा. कैरी, चिंच, लिंबूही चालते. धारेचा उतार नंतर दगडावर पुन्हा चमकतो, तो तसाच राहू द्या.

ऊन आणि पाऊस

घरी चाकू म्यानात ठेवू नका. चामडे ओल धरते, आणि पितळी रिव्हेटांवर हिरवे चढते. मी कोरड्या सुती कापडात गुंडाळून फळीवर ठेवतो, म्यान खुंटीला वेगळे. पावसाळ्यात दर आठवड्याला एकदा उघडून बघायचे, तेलाचा थेंब फिरवायचा. उन्हाळ्यात मोटारसायकलच्या डिकीत विसरू नका, भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या पुढे जातो आणि डिकीत त्याहून जास्त.

त्या उन्हाची खूण माझ्या चाकूवर आत्ताच दिसते आहे. वैशाख चालू आहे, मुठीचे लाकूड सुकून आक्रसले, आणि पोलादाची कड दोन्ही बाजूंनी केसभर वर आली. बोट फिरवले की लागते. घासून सपाट करायचा मोह होतो. पण आत्ता पोलाद घासले तर श्रावणात लाकूड फुगेल आणि फळीच वर येईल. अळशीचा एक हात देऊन ठेवला आहे. दिवाळीला, हवा ना ओली ना कोरडी असते तेव्हा, तरीही बोटाला लागली तर कानस काढीन.